चार तासांचा करार

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी
कायानीच्या इस्पितळाच्या तळघरातून फोन आला.
कुणा माणसानं केला नव्हता.
एका स्विचनं केला होता, आपणहून:
तीन नंबरचा पंखा मंदावलाय.
अजून थांबलेला नाही. पण थांबेल.

मी ओउलूच्या गोदामातला ड्रायव्हर.
त्या डब्यांतलं मला काडीचं कळत नाही.
कळतो करार, चार तासांत सुटा भाग दारात,
आणि कळतो बर्फ.

उणे सव्वीस. शेजारच्या सीटवर
पावाच्या लादीएवढा खोका, बेल्ट लावलेला.
(बायको हसते यावर. हसू दे.)
एका वळणावर दोन रेनडियर रस्त्याच्या मधोमध,
कुठल्याच करारावर सही न केलेले.
अकरा मिनिटं गेली त्यांच्यापायी.

चाराला पाच कमी.
आउलिक्की दारातच उभी, स्वेटरवर स्वेटर.
खोका उघडून तिनं आधी पंख्यावरचा बाण बघितला:
हवा पुढून मागे, की मागून पुढे.
"उलटा बसला तर आतलीच गरम हवा पुन्हा आत घेईल.
गेल्या साली एकानं आणला होता तसला."
तो मी नव्हतो.
हे मी दोनदा सांगितलं.

मला आत जायची मुभा नसते.
पण सही हवी होती आणि पेन गोठलेलं,
म्हणून गेलो.

"बंद कधी करणार?" मी विचारलं.
"बंद?"
तिनं असं पाहिलं, जणू मी म्हणालो होतो
जरा वेळ श्वास कुठे ठेवू.

अंगठ्यानं एक खिटी दाबली,
आणि दमलेला पंखा खणासारखा बाहेर आला.
उरलेल्या दोघांनी एकदम आवाज चढवला,
इतका, की मी मागे सरलो.
घरातला एक जण अंथरुणाला खिळला
की बाकीचे त्याचंही काम ओढतात ना,
तसं. आदळआपट करत, पण ओढतात.

हिरवे दिवे लुकलुकतच होते.
वर तिसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी फुफ्फुसाचं चित्र
त्याच मिनिटाला डॉक्टरच्या पडद्यावर उतरत असेल,
या निळ्या केबलमधून, तिनं दाखवलं.
"आणि ही तुटली तर?"
तिनं नारिंगीकडे बोट केलं.
वेगळा स्विच, वेगळी वीज,
भिंतीपलीकडून येणारी वेगळी वाट.
"दोघांची एकमेकांशी ओळखच नाही.
मुद्दाम करून दिलेली नाही."

नवा पंखा टक् करून बसला.
पिवळा दिवा जरा विचारात पडला,
मग हिरवा.
एकवीस सेकंद. मी मोजले.

माझे वडील लाकडाच्या गिरणीत छत्तीस वर्षं.
छातीत दुखतंय, यावर त्यांनी ब्र काढला नाही.
आम्हाला कळलं तेव्हा
ते सौनाच्या पायरीवर बसलेले,
मांडीवर टॉवेलची घडी,
आणि गाडीचं तेल सकाळीच बदलून ठेवलेलं.

हे तिला सांगितलं नाही.
एवढंच विचारलं, "याला कसं कळतं, आता बोलावं म्हणून?"
"शिकवलेलं असतं. फेरे अमुकच्या खाली गेले
की बोल. लाजू नकोस."
मग थर्मासचं झाकण फिरवत म्हणाली,
"ते लाजू नकोस माझ्या पदरचं."

परतताना जुना पंखा शेजारच्या सीटवर.
त्याचीही पावती असते: कुठला, कधी,
किती फेऱ्यांवर दमला.
त्यालाही बेल्ट लावला.

उजाडायला अजून चार तास.
पेट्रोल पंपापाशी गाडी उभी केली
आणि घरी फोन लावला.
ती दचकून उठली. काय झालं?
अजून काही नाही, म्हटलं.
पण डावा खांदा.
आठवडा झाला.