एका नाकपुडीने

सहा जूनला जन्मली, म्हणजे उशिरा.
इथे टिपररीत कागदावर सगळ्या घोड्यांचा वाढदिवस एकच,
एक जानेवारी.
सात महिन्यांचीही नव्हती, तोच वर्षाची झाली,
आणि पुढे कायम
आपल्याहून थोराड पोरींच्या रांगेत उभी राहिली.
नाव ठेवलं लास्ट फेरी.

कुमैत. उजव्या नाकपुडीवर गुलाबी डाग,
जरा ऊन लागलं की सोलवटायचा.
मी जस्ताचं मलम लावायचो,
ती ते माझ्या बाहीला पुसायची.

चौदा शर्यती. जिंकल्या दोन,
दोन्ही चिखलात, दोन्ही अशा आडगावी
जिथे बक्षिसापेक्षा डिझेल महाग पडतं.
डोनाख हॅसेट म्हणायचा, काळीज हिचं स्वतःचं आहे,
पाय उसने आणलेत.

मग ती एक शर्यत, कर्राच्या माळावर, सप्टेंबरात.
शेवटचा फर्लांग मी पाहिलाच नाही,
कठड्याला कपाळ टेकून नुसत्या टापा ऐकत होतो.
फोटो मागवावा लागला.
फोटोत दोन नाकं आहेत.
पुढचं तिचं नाही.

तेवढ्याने काय होतं?
लिलावाच्या पुस्तकात पहिलीचं नाव ठळक आणि मोठं छापतात,
दुसरीचं ठळक, पण लहान.
मधल्या फरकात एक घर येतं,
छपरासकट.

गुडघा सुजला, आणि ती माझ्याकडे आली,
रात्रपाळीला.
पहिलं सातव्या महिन्यात टाकलं.
दुसरा शिंगरू जपानला गेला.
मग जुळं राहिलं. डॉक्टरीणबाई क्वर्क म्हणाल्या, दोन्ही जगणार नाहीत,
एक काढू.
काढलं एक. गेली दोन्ही.
त्यानंतर तीन वर्षं माझ्या वहीत एकच शब्द आहे: रिकामी.
मालकीण मिस लॅव्हेल तो वाचताना चष्मा काढायच्या.

घोड्यांत भावंडं मोजतात ती आईवरून.
बाप एका हंगामात दीडशे तबेल्यांत बाप होतो,
ती पोरं एकमेकांची कोणी नव्हेत.
नातं धरतात ते पोटाचं.
हे मी फिअक्राला सांगितलं होतं,
आई आमची एक, बाप वेगळे,
बांधावरून बोलणं तुटलं त्या हिवाळ्यात.
त्याने ऐकून घेतलं.
मग गाडीत बसून काच वर केली.

आज तेवीस एप्रिल. ती एकोणीस वर्षांची.
सडांच्या टोकांवर मेण परवाच धरलं होतं.
दोनला दहा कमी असताना पाणमोट फुटली.
आधी एक खूर,
मग दुसरा, वीतभर मागे,
आणि त्या दोन पायांवर टेकलेलं,
निळसर पडद्यात गुंडाळलेलं नाक.
सगळ्यात पुढे येतात खूर, हे मला ठाऊक आहे,
चाळीस वर्षं बघतोय,
तरी मी बघत होतो ते नाकच.
पडदा फाडला. बॅटरी जवळ नेली.
डाग होता,
पण डावीकडे.

मादी. चारदा पडली, पाचव्यांदा उभी राहिली,
पाय चार दिशांना.
वार पडेपर्यंत मी बादली उलटी करून बसलो.
म्हातारीने लेकीला चाटलं, मान, कान, पाठ,
मग त्याच ओघात माझी बाही.

वहीत वेळ लिहिली: दोन वाजून चार मिनिटं.
सेकंदांना तिथे
रकाना नाही.