एकतीस कूलर

बडोद्याला वाऱ्यानं आमचं आभाळ फाडलं.
चाळीस फुटी, सॅटिनचं, दीड लाखाचं.
उरलेलं इंदूरला दिव्यांच्या आचेनं करपलं.
ग्वाल्हेरला ट्रकमधून उतरले
लोखंडी सांगाडे आणि मी,
जिच्या नावाआधी पोस्टरवर बारीक अक्षरांत : नेपथ्य.

सेहेचाळीस डिग्री.
ओल्या टॉवेलखाली पडल्या पडल्या
ड्रमवाला निहार म्हणतो,
काळा पडदा लाव मागे, विषय संपव.

साधा पंखा शोधत दौलतगंजात गेले
तर शितोळ्यांचं दुकान.
आत बोळ संपेपर्यंत एकावर एक कूलर.
पत्र्यावर खडूनं नावं : भदौरिया. गुळगुळे वकील.
कुरेशी टेलर. नळाजवळच्या बाई.
"नीट झालेत सगळे," शितोळे म्हणाले.
"दोन-दोन उन्हाळे झाले. पैसे द्यावे लागतील म्हणून
कोणी फिरकत नाही इकडे."

मी मोजले.

रात्रभर रचले. खाली अकरा, मग नऊ, मग सात, वर चार.
गंज तसाच ठेवला.
प्रत्येकाच्या पोटात एक पिवळा दिवा.
नावं पुसायची राहून गेली.
इम्तियाजनं जनरेटरकडे बघितलं, कानाच्या पाळीला हात लावला.
मी ओरडत होते, पाणी नका घालू, वायरी आहेत,
आणि शितोळे बादली घेऊन शिडीवर :
"कोरडा कूलर चालवायचा नसतो, बेटा."

पहिल्या ठोक्याला एकतीस पाती फिरली.
उजेडाचे तुकडे गर्दीवर.
पुढच्या पाच रांगांनी गिटार ऐकायचं सोडून
डोळे मिटले. वाळ्याचा वास.

तिसऱ्या गाण्यात जनरेटर बसला.

अंधार. माईक मेलेला.
पाती मात्र अजून फिरत होती, आपल्याच वेगानं,
घरघर बारीक होत होत,
आणि त्या घरघरीत एक बाई किंचाळली :
"अगं बाई, तो वरून दुसरा, आमचाच की तो!"

मग मोबाईलचे दिवे. माणसं थेट स्टेजपाशी,
नावं वाचत, मतदार यादी वाचावी तशी.
निहार उठला, दोन काठ्या घेऊन
पत्र्यावरच सुरू झाला.
"हळू रे," भदौरिया खालून, "पोचे येतील."
पण पाय त्यांचाही हलत होता.

लाईट आली तेव्हा बारा वाजून गेले होते.
शेवटची दोन गाणी
अर्धवट भिंतीसमोर झाली.
मागे ई-रिक्षांची रांग, आणि ड्रमच्या पेटीवर बसून
शितोळे पावत्या फाडत : साडेतीनशे. साडेतीनशे.
वकीलसाहेब, मागचेही दीडशे.

सकाळी चार उरले.
तीन त्यांनी परत नेले.
नळाजवळच्या बाई आल्याच नाहीत.
कुठला नळ, शितोळ्यांनाही आठवेना.

पुढचा मुक्काम कोटा. ट्रकमध्ये सांगाडे
आणि एक कूलर.
पावती माझ्याकडून घेतलीच त्यांनी.
मग खिशातून खडू काढून
जुन्या नावावर तळहात फिरवला
आणि वळणदार अक्षरांत लिहिलं :
नेपथ्यवाल्या बाई.