रिकाम्यापोटी

अशोक चौकातल्या लॅबचं शटर अर्धंच वर गेलेलं,
वाकून आत येते भूदेवी चिलवेरी.
'उपाशी आहात ना?' मी विचारतो, सवयीनं.
'परवापासून,' ती म्हणते.

तिची तीन बोटं मी वर्षभर ओळखतो.
नखांच्या कडेला चामखिळी, फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या.
पान वळताना सोलायच्या,
विडीला रक्त लागलं की कारखान्यातला चेकर
मूठभर छाट बाजूला फेकायचा.
जाळून झालं, गोठवून झालं, चुना लावून झाला.
मग इंटरफेरॉन.
आठवड्याला तीन सुया, थेट चामखिळीच्या बुडाशी.
रात्री हुडहुडी. भर वैशाखात, पत्र्याच्या खोलीत,
दोन चादरी अंगावर.
चादरींना काय तोटा सोलापुरात.

बोटं साफ होत गेली
आणि बाई वाळत गेली.
'शेंगाचटणी वाढली तरी तोंड फिरवते,'
सून सांगत होती, दारातूनच.

नळी मशीनमधून फिरवून काढली.
वर कडब्याच्या रंगाचं पाणी दिसायला हवं.
पांढरं होतं. दाट. नळीच्या काचेला धरून बसलेलं.
ट्रायग्लिसराइड नऊशे चाळीस.
साखर दोनशे बारा; फाल्गुनात नव्वद होती.
पुन्हा लावलं. तेच.
जिच्या घशाखाली दोन घास उतरत नाहीत
तिच्या रक्तात एवढी साय आली कुठून?

'बघू,' ती म्हणाली.
नळी पेशंटच्या हातात देत नाहीत. मी दिली.
ट्यूबलाइटकडे धरून ती चक्क हसली,
'अय्यो, ही तर गंजी!'
तिचा नवरा बत्तीस वर्षं सुताला खळ देत होता,
ताणा ताठ राहावा, मागावर तुटू नये म्हणून.
माझा बापही तेच करायचा,
त्याच्या शर्टाचा आंबूस वास
मला त्या क्षणी लॅबमध्ये आला.
'मला आता कुठल्या मागावर चढवतात?'
तिने विचारलं. मी लेबल नीट चिकटवत राहिलो.

डॉक्टर फोनवर म्हणाले, सुया थांबवा.
रक्त निवळेल, बहुतेक.
'आणि बोटं?' तिने मला विचारलं, फोनला नाही.
तेही बहुतेक, असं काहीसं मी म्हणालो.

कमरेची पिशवी सोडून तिने नोटा मोजल्या.
गुळगुळीत बोटांवरून नोटा भराभर सरकल्या,
फक्त अंगठ्यापाशी, जिथे एक अजून उरली आहे,
दहाची एक नोट जरा अडखळली.
ती तिने परत मोजली.