वजनकाटा, न्डोला

साहेब, तुमच्या वहीत सात टक्के आहेत.
असतील.
माझ्या काट्यावर ट्रक येतात,
तांब्याचे पत्रे बांधून, समुद्राकडे तोंड करून.
जाताना छप्पन टन.
येताना काय येतं, ते मी बघतो.

बापाच्या काळी क्रेन आल्या,
खाणीच्या क्लबात एक पियानोसुद्धा आला.
मग लंडनात भाव पडला
आणि पियानोत कोंबड्या अंडी घालू लागल्या.

अंगावर चढतं ते सगळं बाळसं नसतं.
सूज दाबून बघावी लागते,
बोट काढल्यावर खळगा राहतो का.

तर दाबा.
मागच्या गल्लीत म्वापेचं वर्कशॉप आहे.
पंपाचा वॉशर जोहान्सबर्गहून यायचा, तीन आठवडे,
नाही, अठरा दिवस, तिनं मोजलेत.
आता ती इथेच कापते.
धरण आटलं, मंगळवारी दिवसभर वीज नव्हती,
तरी कानशीनं घासून दोन केले.
एक वाकडा.

शाळेत जा. मास्तर रोज येतो
की फक्त पगाराला?
मंत्री बदलला की पावतीपुस्तकाचा रंग बदलतो का?
माझ्या खणात तीन रंग आहेत.

टिकेल का, विचारताय.
काटा फक्त आजचं वजन सांगतो.

पण काल एक ट्रक परत आला.
रिकामा धरून मी वीस लिहायला गेलो
तर आकडा थांबेना.
ताडपत्री उचलली:
लेथ मशीन. जुनं, गंजकं,
म्वापेच्या नावावर.

मी पावती फाडली.
यंदाची हिरवी आहे.