हातचा एक

डिसेंबरचा शेवटचा शुक्रवार.
वनकार्यालयात मी आणि हीटर, बाकी सगळे सुट्टीवर.
खिडकीबाहेर व्हिसोचिनाच्या टेकड्या, निम्म्या बोडक्या.
टेबलावर सरकारी जंगलाचा ताळेबंद.

जमा : स्प्रूस, नऊ हजार चारशे घनमीटर.
प्रागहून फोनवर कुणीतरी म्हणालं, वा, विक्रम!
विक्रम कसला डोंबलाचा.
भुंग्यानं पोखरलं ते पाडलं,
सगळ्यांनीच पाडलं, एकाच उन्हाळ्यात,
आणि भाव असा बसला
की झाड आडवं करायला जेवढे जातात
तेवढेही झाडाचे येत नाहीत.
आतबट्ट्याचा व्यवहार.
पण हा शब्द फॉर्मात बसत नाही,
म्हणून मी लिहिते : आपत्कालीन तोड.

नावे : हार्वेस्टरचं डिझेल,
सापळ्यातल्या वासाच्या पुड्या,
साल सोलणाऱ्या दोन युक्रेनी भावांची मजुरी,
रस्त्याची खडी (ज्या ट्रकांनी खड्डे पाडले
ते केव्हाच ऑस्ट्रियात पोचले),
हरणांनी शेंडे खुडू नयेत म्हणून
सव्वादोन किलोमीटर जाळी.

मशरूम वेचायला येणाऱ्या द्राहोस्लावाबाई कुठेच नाहीत,
ना जमेत, ना नावे.
खालच्या गावाचा झराही नाही.
तो यंदा ऑगस्टातच आटला.

दुपारी बोहुमिर आला, ओल्या बुटांनी,
रोपांचं बिल घेऊन. ओक, बीच, थोडं फर.
पडद्यानं विचारलं : अपेक्षित उत्पन्नाचं वर्ष?
बोहुमिरनं बोटं मोजली. ओकला एकशेचाळीस.
मी टाकलं, २१५९.
चौकट लाल झाली. तारीख अमान्य.
‘नव्व्याण्णव टाक,’ तो म्हणाला, ‘कोण बघायला येतंय?’
मी रकाना तसाच ठेवला.

तो गेल्यावर तळघरातली जुनी वही काढली, १९२६ची.
जमीनदाराचं जंगल तेव्हा नुकतंच सरकारजमा झालेलं.
बारीक, तिरपं अक्षर :
स्प्रूसची रोपं, सहा हजार. बायका अकरा, दिवस नऊ.
मजुरी, भाकरी, एका मोडक्या कुदळीची दुरुस्ती.
आणि उत्पन्नाचा रकाना
कोरा.

म्हणजे हाच तो रकाना
जो मी आज सकाळपासून भरतेय,
पडत्या भावात,
त्या अकरा बायकांना न विचारता.

वहीच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं :
वसंत उशिरा. मुळं ओल्या पोत्यात ठेवली. रात्री पुन्हा जाऊन पाहिलं.

माझ्या पडद्याला समास नाही.
म्हणून ताळेबंद छापून काढला.
तूट खाली, लाल शाईत,
बाकी पुढे ओढली.
मग कडेच्या कोऱ्या पट्टीत, पेन्सिलीनं :
रोपं तीन हजार सहाशे, बोहुमिरसोबत शेडमध्ये मोजली.
एक जास्त निघालं.

हातचा धरला.