मूळ फाइल तुम्हीच आणा

तार्तूत डिसेंबरात साडेतीनलाच अंधारतं.
त्रीनू खोकी बांधते.
पुठ्ठ्याची नव्हेत;
एक आज्ञा टाइप केली की
मागोमाग बावीस लायब्ररी घेऊन
निमूट उतरतात परक्या यंत्रात, तसली.

आज समोर नूरेनसाहेबांचा प्रोग्राम.
प्रथिनं पाण्यात घडी कशी घालतात,
एवढंच तो सांगतो.
एक लाख ओळी फोर्ट्रान,
अधूनमधून स्वीडिश शिव्या,
आणि वर दीड पान परवाना:
कुणाला देऊ नये.
वापरणाऱ्याने सही करून फॅक्स करावा.
लुंडचा तो नंबर तिने लावून पाहिला.
उचलला एका बेकरीने.

आडात आहे, काठोकाठ आहे.
पोहऱ्यालाच बंदी.

म्हणून ती कृती लिहिते, मुख्य जिन्नस वगळून.
कंपायलर कोणता, आच किती.
एक स्वल्पविराम नव्या यंत्रांना खुपतो,
पण दुरुस्ती दाखवायची तर
वरच्या तीन, खालच्या तीन ओळी उतरवाव्या लागतात,
आणि त्या त्याच्या.
तेव्हा नुसता आकडा: ओळ तीनशे बारा,
तिथे जा, स्वल्पविराम काढा, परत या.
शेवटी चौसष्ट अक्षरांचा ठसा.
अंगठ्यावरून माणूस ओळखतात,
माणूस घडवता येत नाही.

परवानगीसाठी तिने पत्रही टाकलं होतं, कागदी.
उत्तर मुलीचं आलं, सिग्रिडचं, निळ्या शाईत:
«बाबांना प्रोग्राम आठवत नाही.
हल्ली पुढे ठेवाल त्या कागदावर सही करतात,
परवा पिझ्झाच्या जाहिरातीवर केली.
म्हणून तुमचा कागद
मी त्यांच्यापुढे ठेवणार नाही.
रागावू नका.»

त्रीनूने पत्र दोनदा वाचलं.
मग कोठाराच्या यादीत नाव घातलं,
आणि नावाखाली, मागणाऱ्याला दिसेल असं:
मूळ फाइल तुम्हीच आणा.
बांधणीचा सर्व्हर रात्री त्यावरून पुढे गेला,
न थांबता,
बंद दुकानावरून जावं तसा.

तिच्याकडे एक प्रत आहे, रीतसर;
तिच्या गाइडने सत्त्याण्णवमध्ये सही केलेली,
तेव्हा तो फॅक्स फॅक्सच होता.
ती खोक्यात ठेवून तिने कृती चालवली.
ठसा जुळला, चौसष्टच्या चौसष्ट.
तीनशे बारावरचा स्वल्पविराम गेला.
पडद्यावर पहिली ओळ उमटली:
नमस्कार, मी एस्कील नूरेन.
आपण कोण?

आणि कर्सर लुकलुकत राहिला.
त्रीनूने नाव टाइप केलं, आडनावासकट,
एरवी ती एवढं करत नाही.