बाद चादरीवरचा नकाशा

व्हिएन्नातल्या इस्पितळाच्या तळघरात
रात्री दोन वाजता इस्त्रीचं यंत्र थंड व्हायला अर्धा तास घेतं.
तेवढ्यात होंगोरझूलने एक बाद झालेली चादर टेबलावर पसरली
आणि कपड्यांवर नंबर घालायच्या शाईने
आपली भाषा काढली.

नुसती लांबच लांब. चादर पुरेना.
मधोमध तिचं गाव, झामीन-ऊद, वाळूतलं स्टेशन.
खाली एक रेघ: चीन.
रेघेखालीही तीच भाषा. तिचा मामा तिथे, एरीनमध्ये, मटण विकतो.
बोलतो माझ्यासारखंच, म्हणाली,
पण लिहितो वरून खाली, खुंटीला टांगलेल्या दोरासारखं,
आणि मी आडवं, रशियन अक्षरांत.
त्याची चिठ्ठी आली की मी ती नुसती हातात धरते.
त्या सीमेवर रेल्वेची चाकं बदलतात.
डबे वर उचलून धरतात,
माणसं आत चहा पीत बसतात.

वर बैकलकाठी बुर्यात: "निम्मं कळतं."
पार पश्चिमेला, चादरीच्या शिवणीपाशी, काल्मिक:
"भिंतीपलीकडून आमच्याच घरातलं कोणी बोलतंय असं वाटतं."

मग शाई माझ्या हातात दिली.

माझी भाषा उशीच्या अभ्र्यात मावली असती.
मी आधी द्रीना नदी काढली.
अलीकडे ल्युबोव्हिया, माझं माहेर.
पलीकडे ब्रातुनाट्स, तिथे बहीण दिलीय, स्तोयान्का.
मध्ये पूल.
पुलावर चाकं बदलत नाहीत.
शिव्यासुद्धा त्याच.
स्तोयान्काची शेजारीण हायरिया मीठ मागायला येते,
मिठाला दोघीही सो म्हणतात,
पण ज्या भाषेत मागितलं
तिचं नाव दोघींनी एकमेकींना कधी विचारलेलं नाही.

बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात.
हिची बाराशे कोस गेली
आणि फार तर उभी राहिली.
माझी एका पुलात नाव बदलून बसली,
आणि त्या नावापायी काय काय झालं
ते मी चादरीवर काढलं नाही.

नुसते ठिपके देत सुटले.
वुकोवार. तिमिश्वारा, तिथे आत्या. मित्रोवित्सा, तिथेही पूल.
शिकागोला चादरीवर जागा नव्हती, टेबलावर दिला.
आणि हे व्हिएन्ना, ओटाक्रिंगची ट्राम, माझी दोन खोल्यांची जागा,
तिथे मी सर्बियनमध्ये ओरडते
आणि वुकान जर्मनमध्ये दार लावून घेतो.
ठिपका द्यायला गेले तर डाग पडला.

"तुझी-माझी कुठेच गाठ नाही," होंगोरझूल म्हणाली.
आहे, मी म्हटलं. होती.
बेलग्रेडला एकेकाळी काल्मिकांचं देऊळ होतं, बुद्धाचं.
युद्धात पळून आले, दुसऱ्या युद्धात पळून गेले.
आमच्या घरातलं कोणीतरी त्याला विटा वाहिल्या असं सांगायचे.
कोण ते आता विचारायला कोणी नाही.
तिने तिथे एक घोडा काढला, कुत्र्यासारखा दिसणारा,
आणि खाली लिहिलं: मोर्.
अक्षरं ओळखीची! मी लगेच चूक काढली:
शेवटचा ए राहिला. मोरे. मोरे म्हणजे समुद्र.
ती म्हणाली, नाही, घोडा.
मी म्हटलं, समुद्र.
दोघींच्या देशांना किनारा नाही
आणि आम्ही पहाटे तीनला त्यावरून भांडत होतो.
फ्राऊ लाइटगेब जिन्यावरून खाली येईपर्यंत.

चादर पेटीत टाकायची राहिली.
सकाळच्या पाळीने ती धुतली, नव्वद अंशांवर,
घडी घालून चौथ्या मजल्यावर पाठवली.
नंबराची शाई जात नाही, तिचं कामच ते.

होंगोरझूल अजून काळजी करते:
कोणीतरी आजारी माणूस माझ्या वाळवंटात झोपलंय,
रात्री गारठेल.
मी म्हणते, झोपू दे.
माझ्या पुलावर झोपण्यापेक्षा बरं.